कोल्स्टन, चापेकर आणि आजीची वीस माणसं

बाबा मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला आले होते. सहा आठवडे राहिले आणि त्या सहा आठवड्यांत आम्हा दोघांचा आवाज एकाच विषयावरून दोनदा चढला. विषय म्हणजे २०२०. एवढी वर्षं झाली, लोक मास्क विसरले, सॅनिटायझरच्या बाटल्या कपाटात मागे सरकल्या, पण आमच्या घरात ते वर्ष अजून संपलेलं नाहीये. का ते सांगते.

मी त्यांना एम शेडला घेऊन गेले होते. बंदरावरचं म्युझियम, जुन्या गोदामात केलेलं, बाहेर मोठमोठ्या क्रेन उभ्या, आणि तिकीट नाही, त्यामुळे भारतातून कोणी आलं की मी आधी तिकडेच नेते. तिथे आत एडवर्ड कोल्स्टन आडवा पडलाय, गुलामांचा जुना व्यापारी, ज्याचा पुतळा २०२० मध्ये लोकांनी पाडला. ब्राँझचा पुतळा, माणसापेक्षा मोठा, अंगावर लाल-निळ्या रंगाचे फराटे अजून तसेच, मुद्दाम ठेवलेत. बाबा हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले, चष्मा वरखाली करून पाट्या वाचल्या, आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "याला पाडायला दहा हजार माणसं चालली. माझ्या आईला पोचवायला वीस."

मला काही बोलताच आलं नाही तिथे.

आजी गेली एप्रिल २०२० मध्ये. करोनाने नाही, वय झालं होतं, हृदय थकलं होतं, दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. चिंचवडच्या आमच्या घरात, स्वतःच्या खाटेवर. तसं बघितलं तर असं मरण नशिबानेच येतं. पण बाहेर सगळा देश बंद. अंत्यविधीला वीसच माणसं, हा नियम. साताऱ्याहून काका निघाले पण जिल्ह्याची हद्द ओलांडायचा पास वेळेत हातात पडला नाही, सख्ख्या मुलाला आईचं तोंड बघता आलं नाही. आमच्या गल्लीत आजीला ओळखत नाही असं घर नव्हतं, पन्नास वर्षं तिने तिथे बाळंतिणींना तेल लावलंय, लेकरांच्या दृष्टी काढल्यात, आणि ती सगळी घरं खिडक्यांतून हात जोडून उभी होती. आणि मी इथे. २२ मार्चपासून बाहेरच्या देशातली विमानं भारतात उतरायची बंद झाली होती, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता. मी व्हिडिओ कॉलवर बघितलं. दहाव्याला आळंदीच्या घाटावर चुलतभाऊ फोन धरून उभा होता आणि बरोबर पिंडाला कावळा शिवायच्या वेळेस नेटवर्क गेलं, स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहिलं. कावळा शिवला का हे मला नंतर फोनवर विचारावं लागलं.

तर नियम काय असतो हे मला माहितीये. मी पाळलेत. नुसते पाळले नाहीत, दुसऱ्यांनाही पाळायला लावले, कारण मी एका फार्मसीत काउंटरवर काम करते आणि तेव्हाही करत होते. जमिनीवर दोन-दोन मीटरवर पिवळी टेप आम्हीच लावली, एका वेळी दुकानात दोघं, बाकीचे बाहेर, पाऊस असला तरी बाहेर. सत्तरी-ऐंशीची माणसं छत्री धरून इनहेलरसाठी उभी राहायची आणि मला रोज वाटायचं की यांना आत घ्यावं, पण नाही घेतलं. तेव्हाचे पंतप्रधान जॉन्सन २३ मार्चला टीव्हीवर येऊन घरी बसा म्हणाले त्या दिवसापासून माझ्या काउंटरवर सगळ्या ब्रिस्टलची मतं येऊन पडायला लागली. कोणी म्हणायचं हे सगळं उशिरा केलं, कोणी म्हणायचं हा नुसता फ्लू आहे, एक बाई रोज यायच्या आणि शेजारी दिवसातून दोनदा फिरायला जातो म्हणून तक्रार करायच्या, तेव्हा दिवसातून एकदाच व्यायामाला बाहेर पडायची परवानगी होती ना. गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन टाळ्या वाजवायचे. आपल्याकडे २२ मार्चला थाळ्या वाजल्या तसंच, फक्त इथे दर आठवड्याला.

एक मात्र खरं, कुरकुर करत का होईना लोक पाळत होते. सगळ्यांना सारखंच आहे असं वाटत होतं म्हणून पाळत होते. ते मोडलं मे महिन्यात. पंतप्रधानांचे मुख्य सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी लॉकडाउनमध्ये लंडनहून गाडी काढून डरहॅमला, म्हणजे चारशे किलोमीटरच्या वर, बायकोमुलाला घेऊन प्रवास केला हे बाहेर आलं. मग तिथून बार्नार्ड कॅसल नावाच्या गावाला एक चक्कर, आणि कारण काय, तर डोळ्यांना नीट दिसतंय का, गाडी चालवता येईल का ते बघायला. २५ मेला पंतप्रधानांच्या घरामागच्या बागेत टेबल टाकून त्यांनी पत्रकार परिषद घेतली आणि राजीनामा देणार नाही म्हणाले. मी ती कामावरून येऊन बघितली, उभ्या उभ्या, जाकीट सुद्धा काढलं नव्हतं. माझ्या काकांना सातारा ते चिंचवड यायला मिळालं नव्हतं. वेगळा देश, वेगळं सरकार, मला कळतं, पण मनाला कुठे सीमा कळतात. दुसऱ्या दिवसापासून काउंटरवरची भाषा बदलली. टेपच्या मागे राहा म्हटलं की लोक म्हणायचे, कमिंग्जला सांगा आधी. एका माणसाने एवढं केलं आणि आमच्यासारख्या रांगेवर उभ्या असलेल्यांची सगळी पुण्याई गेली.

आणि त्याच दिवशी, २५ मे २०२० लाच, तिकडे अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने गुडघा ठेवला आणि तो मेला. हे दोन्ही एकाच तारखेला झालं हे मला पुष्कळ नंतर लक्षात आलं.

७ जूनला रविवार होता. तेव्हाचा नियम असा की बाहेर सहा जणांनी भेटायचं, अंतर ठेवून. आरोग्यमंत्री सांगत होते की मोर्च्याला जाऊ नका. तरी फ्लॉइडच्या मरणाच्या निषेधाला कॉलेज ग्रीनवर दहाएक हजार लोक जमले. कॉलेज ग्रीनला आपले राजा राममोहन रॉय उभे आहेत, ते ब्रिस्टलमध्येच १८३३ साली वारले, त्यांची समाधीही इथल्या आर्नोस व्हेल स्मशानभूमीत आहे, आणि मी इथे नवीन आले तेव्हा आईबाबांना पाठवलेला पहिला फोटो त्याच पुतळ्याजवळचा होता. तिथून लोक निघाले, खाली सेंटरला आले, कोल्स्टनच्या गळ्यात दोर टाकले, ओढून पाडला, कोणीतरी त्याच्या मानेवर गुडघा ठेवून बसलं, मग लोटत लोटत बंदरापर्यंत नेऊन पेरोज ब्रिजजवळ पाण्यात ढकलून दिला. पोलीस मध्ये पडले नाहीत, पडले असते तर दंगल झाली असती असं त्यांचं म्हणणं.

मी गेले नव्हते. घरी फोनवर बघत होते आणि मला राग आला होता, हे मी आज स्पष्ट लिहिते, कारण नंतर सगळेच म्हणायला लागले की आम्ही पहिल्यापासून त्याच बाजूचे. मला पुतळ्याचं काहीच वाटलं नव्हतं. मला गर्दीचा राग आला होता. सात आठवड्यांपूर्वी वीस माणसं मोजून आजीला नेलेलं, आणि इथे खांद्याला खांदा लावून हजारो. मास्क होते बऱ्याच जणांच्या तोंडाला, पण तरी. त्याच रात्री बाबांचा फोन, त्यांनी बातम्यांत बघितलं होतं. त्याच आठवड्यात देहू-आळंदीहून पालख्यांचं प्रस्थान होतं, १२ आणि १३ जूनला, पन्नास माणसांत. आमच्याकडे तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला असते, आजी गुडघे दुखत होते तरी दरवर्षी रस्त्याच्या कडेला जाऊन बसायची, लाडू वाटायची. त्या वर्षी रस्ता मोकळा. पादुका शेवटी आषाढीच्या आदल्या दिवशी एसटीने पंढरपूरला गेल्या. बाबा फोनवर म्हणाले, "वारी थांबवली आम्ही. वारी! आणि तुमच्याकडे पुतळे पाडायला परवानगी?" परवानगी नव्हती बाबा, मी म्हटलं. "मग पकडलं का कोणाला?" यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझं मत बदललं ते काउंटरवर, आणि एकदम नाही, हळूहळू.

आमच्याकडे एक आजोबा यायचे, मूळचे जमैकाचे, बीपीच्या गोळ्या न्यायला, नेहमी टाय लावलेला. पुतळा पडल्यानंतरच्या आठवड्यात ते आले, दुकानात दुसरं कोणी नव्हतं, मी सहज विचारलं की तुम्हाला काय वाटतं. टेपच्या पलीकडे उभं राहूनच ते बोलले. म्हणाले, मी साठ वर्षं त्या पुतळ्याखालून गेलोय. त्याच्याखाली लिहिलंय की हा या शहराचा अत्यंत सदाचारी आणि शहाणा पुत्र. त्याने माझ्या माणसांना जहाजात भरून विकलं आणि मी रोज कामावर जाताना ते वाचायचं. मग म्हणाले, तू बसमधून उतरताना काय म्हणतेस? मी म्हटलं, चिअर्स ड्राइव्ह. ब्रिस्टलमध्ये सगळेच म्हणतात, ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची ही इथली पद्धत. ते म्हणाले, मी आलो तेव्हा या शहरात काळा माणूस ड्रायव्हर होऊच शकत नव्हता, कंडक्टरही नाही. १९६३ ला लोकांनी चार महिने बसवर बहिष्कार टाकला तेव्हा कुठे ते सुटलं, आणि त्यानंतर जो पहिला गोरा नसलेला कंडक्टर लागला तो तुमच्याकडचाच, शीख, रघबीर सिंग.

मला हे माहीतच नव्हतं. मी तेव्हा दहा वर्षं या शहरात राहत होते.

मग वाचायला लागले. कोल्स्टन रॉयल आफ्रिकन कंपनीत होता, आणि त्याच्या बारा वर्षांत त्या कंपनीने साधारण ८४,००० माणसं आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेली, त्यातली १९,००० वाटेतच मेली असा अंदाज आहे. तो मेला १७२१ ला, पुतळा उभारला १८९५ मध्ये. पावणेदोनशे वर्षांनी! शाळा, दवाखाने, अनाथालयं यांना त्याने पैसा दिला होता म्हणून. बरं, लोकांनी एकदम उठून पाडला असंही नाही. कित्येक वर्षं अर्ज, पत्रं, सभा चालू होत्या. निदान खाली एक दुसरी पाटी लावा, खरं काय ते लिहा, एवढीच मागणी उरली होती, आणि २०१८-१९ मध्ये त्या पाटीच्या मजकुरावरून एवढी ओढाताण झाली, एकेक वाक्य मऊ करत करत नेलं, की शेवटी महापौर मार्विन रीस यांनी ती पाटीच थांबवली. रीस यांचे स्वतःचे वडील जमैकाचे. म्हणजे गुलामांच्या व्यापाऱ्याच्या पुतळ्याखाली तो गुलामांचा व्यापारी होता एवढंसुद्धा या शहराला लिहिता आलं नाही. आणि २०२० च्या मे महिन्यात ओएनएसने, म्हणजे इथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाने, आकडे दिले की वयाचा फरक हिशोबात घेतला तर करोनाने मरण्याचं प्रमाण काळ्या लोकांत गोऱ्यांच्या चौपटीहून जास्त आहे. दुकानं उघडी ठेवणारे, बस चालवणारे, दवाखान्यात फरशी पुसणारे कोण होते ते मी रोज बघत होते. ही माणसं घरात बसून सुरक्षित नव्हतीच कधी. त्यांना गर्दीचा धोका मी शिकवायचा?

हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे चापेकरांसारखं."

चिंचवडच्या माणसाला चापेकर सांगावे लागत नाहीत. चापेकर चौकातून आम्ही शाळेत जायचो, वाडा दहा मिनिटांवर. पण बाबांनी म्हटलं आणि मला एकदम दिसलं की आपल्याकडे साथीचे नियम आणि पुतळा या दोन्ही गोष्टी एकाच घरात येऊन बसल्यात. कीर्तनकाराचं घर, वडील हरिभाऊ कीर्तन करायचे आणि मुलं साथीला. १८९६ मध्ये, म्हणजे इकडे कोल्स्टन उभा राहिला त्याच्या पुढच्याच वर्षी, दामोदरपंतांनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं आणि गळ्यात चपलांची माळ घातली. तो पुतळा आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात आहे, मुंबईतले आणखी काही साहेबी पुतळेही तिथेच नेऊन ठेवलेत. त्याच सुमारास मुंबईत प्लेग आला, मांडवी भागात डॉ. व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला, आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा. तोच कायदा महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० ला लागू केला. माझ्या आजीला ज्या नियमांनी नेलं त्यांच्या मुळाशी तोच कागद होता ज्याच्या जोरावर प्लेगचा बंदोबस्त करणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्यात शिपाई घरात घुसवले.

रँडचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. २२ जून १८९७, राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा सोहळा, गणेशखिंडीतून परतणारी बग्गी, "गोंद्या आला रे" ही खूण, आणि चापेकरांची गोळी. पण त्याच्याआधी काय झालं होतं ते मी लहानपणी नीट ऐकलंच नव्हतं. गोरे शिपाई बुटांसकट स्वयंपाकघरात, देवघरात, बायकांना रस्त्यावर आणून तपासणं, सामान बाहेर काढून जाळणं, आजारी माणसाला उचलून नेणं. आणि आजार खोटा होता का? नव्हता. त्याच प्लेगमध्ये त्याच पुण्यात सावित्रीबाई मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या आणि १० मार्च १८९७ ला स्वतः प्लेगने गेल्या. रोग्याला वेगळं ठेवायचं हे त्याही मानत होत्या, म्हणून तर पोराला दवाखान्यात नेलं. फरक कुठे आहे बघा, एकीकडे उचलून नेणारे आहेत आणि दुसरीकडे पाठीवर घेऊन जाणारी बाई आहे. मला २०२० च्या सगळ्या नियमांबद्दल जे म्हणायचंय ते एवढंच आहे खरं तर. नियम हवेच होते. मी आजही म्हणीन की वीसचा आकडा बहुतेक बरोबर होता. पण आमची गल्ली पत्रे ठोकून बंद केली तेव्हा पत्र्याच्या आत कोणाला डायलिसिसला जायचंय हे कोणी विचारलं नव्हतं, लोकांच्या हातावर होम क्वारंटाइनचे शिक्के मारले आणि मग शिक्का बघून शेजाऱ्यांनी दूध बंद केलं. काकांचा पास हा काही विज्ञानाचा प्रश्न नव्हता, कोणीतरी एक अर्ज वाचायचा होता.

आता बाबांशी दुसरं भांडण कशावरून झालं ते. मी त्यांना म्हटलं की डांबर फासणाऱ्या चापेकरांचा तुम्हाला अभिमान आहे तर कोल्स्टनच्या पोरांनी काय वाईट केलं. तर त्यांनी लगेच विचारलं, "आणि गडकरी?"

जानेवारी २०१७. जंगली महाराज रोडच्या संभाजी बागेतला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा रात्रीतून काही कार्यकर्त्यांनी काढला आणि मुठेत फेकला, त्यांच्या एका नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावरून. बाबा नाटकवाले, कंपनीच्या नाट्यस्पर्धेत पंधरा वर्षं काम केलंय त्यांनी, गडकऱ्यांचे उतारे अजून तोंडपाठ. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यात पाणी होतं आणि मीही इथून फेसबुकवर रागाने पानभर लिहिलं होतं, पुतळे फोडणारे कोण तुम्ही वगैरे. ते म्हणाले, "तेव्हा तू काय लिहिलंस ते मी वाचलंय. नदीत टाकला तर गुन्हा आणि बंदरात टाकला तर न्याय, असं कसं?"

हा प्रश्न मला खरोखर लागला. कित्येक रात्री मी यावर विचार केलाय आणि मला जे सुचलं ते इथे लिहिते. गडकऱ्यांचा पुतळा रात्री काढला, आधी शहराला विचारायचा कंटाळा केला. पुण्यात महापालिका होती, सभा होत्या, वर्तमानपत्रं होती, वाद घालायला जागा होती. आणि मुळात एका लेखकाने काही लिहिलंय ते पटत नाही तर त्यावर लिहा. चापेकरांना विचारायला जागाच नव्हती, राणीचा पुतळा हवा का म्हणून मुंबईच्या माणसांना कोणी मत मागितलं होतं? आणि ब्रिस्टल या दोघांच्या मधलं. इथे विचारायला जागा होती, लोकांनी वर्षानुवर्षं विचारलं, आणि जागा असून उत्तर मिळालं नाही. म्हणून मला कोल्स्टनचं पडणं पटतं, तरी मी हेही म्हणेन की २०१९ मध्येच पालिकेने दिवसाढवळ्या क्रेन लावून तो उतरवला असता तर ते हजारपट बरं झालं असतं, आजोबांना टाय लावून ते बघायला जाता आलं असतं.

आणि आणखी एक, जे कबूल करायला जड जातं. गडकरी आपले आहेत म्हणून मला जास्त लागलं. कोल्स्टन माझा कोणी नव्हता. ज्यांना तो आपला वाटत होता, लहानपणापासून त्याच्या नावाच्या शाळेत गेले, त्याच्या नावाच्या हॉलमध्ये पहिली मैफल ऐकली, अशी गोरी म्हातारी माणसं माझ्या काउंटरवर यायची आणि त्यांचा चेहराही उतरलेला असायचा. ती काही गुलामगिरीच्या बाजूची नव्हती. एका बाईंनी मला विचारलं होतं, आता माझ्या शाळेच्या आठवणींचं मी काय करायचं? मी त्यांना तेव्हा तुटक उत्तर दिलं. आज वेगळं दिलं असतं. त्या हॉलचं नाव त्याच सप्टेंबरमध्ये बदलून ब्रिस्टल बीकन झालं.

पुढचं सगळं बाहेर आलंच. ११ जूनला पहाटे पालिकेने पुतळा पाण्यातून काढला, साफ करताना आत गुंडाळलेलं १८९५ चं एक मासिक सापडलं, त्यावर पुतळा बसवणाऱ्या कामगारांची नावं हाताने लिहिलेली. बाबांना सगळ्या म्युझियममध्ये ही गोष्ट सगळ्यात आवडली, ते म्हणाले आम्हीही मशीन बसवलं की आत खडूने नावं लिहायचो. जानेवारी २०२२ मध्ये पुतळा पाडल्याच्या खटल्यातल्या चौघांना ज्युरीने निर्दोष सोडलं. शहराने लोकांना विचारलं की आता याचं काय करायचं, १४,००० च्या आसपास लोकांनी उत्तरं दिली, ब्रिस्टलकरांपैकी दर पाचातले चार म्हणाले म्युझियममध्ये ठेवा. म्हणजे विचारलं की लोक सांगतात. आधी विचारलं असतं तर?

आणि डाउनिंग स्ट्रीटच्या पार्ट्याही बाहेर आल्या. एप्रिल २०२१ मध्ये प्रिन्स फिलिपच्या अंत्यविधीला तीसच माणसं होती आणि राणी काळा मास्क लावून चर्चमध्ये एकटी बसली होती, तो फोटो सगळ्या जगाने बघितला, त्याच्या आदल्याच रात्री पंतप्रधानांच्या कचेरीत पार्ट्या चालल्या होत्या. वर्षभराने जॉन्सनना त्यांच्या स्वतःच्या वाढदिवसाच्या जमावासाठी दंड झाला. मी राणीची कोणी लागत नाही, माझ्या गावच्या माणसाने तिच्या पणजोबांच्या आईच्या पुतळ्याला डांबर लावलंय, पण तो फोटो बघून मी रडले. ती नवऱ्याला पोचवायला नियम पाळून एकटी बसली होती आणि आमच्या घरी काका साताऱ्यात फोनसमोर बसले होते. तिचं दुःख आणि आमचं दुःख त्या दिवशी एकाच रांगेत होतं. रांगेत नव्हते ते फक्त नियम करणारे.

एम शेडमधून बाहेर पडल्यावर आम्ही बंदराच्या कडेने चालत पेरोज ब्रिजपर्यंत गेलो. छोटा पूल आहे, दोन बाजूंना मोठी शिंगं असल्यासारखा दिसतो. बाबांनी विचारलं पेरो कोण. मी सांगितलं, पिनी नावाच्या साखरेच्या मळेवाल्याने नेव्हिस बेटावरून इथे आणलेला गुलाम, त्या घरात नोकर होता, तो जिवंत असेपर्यंत गुलामच राहिला. १९९९ ला पुलाला त्याचं नाव दिलं. "आणि कोल्स्टन इथेच पाण्यात टाकला?" हो, इथेच, याच पुलाजवळ. बाबा कठड्याला हात लावून खाली पाण्याकडे बघत राहिले, बदकं होती, एक पिवळी फेरी बोट गेली. मग म्हणाले, "हे तू मला फोनवर सांगितलं नव्हतंस."

मी सांगितलं होतं, पण तेव्हा आजीला जाऊन दोन महिने झाले नव्हते, त्यांच्या डोक्यात शिरलं नसेल. मी काही बोलले नाही.

बसमधून घरी येताना ते म्हणाले की त्यांचं मत बदललेलं नाही, दहा हजार ते दहा हजार आणि वीस ते वीस. पण आजोबांना भेटायचं होतं त्यांना. आजोबा आता येत नाहीत दुकानात, त्यांच्या गोळ्या मुलगी घेऊन जाते, मी तिच्याजवळ निरोप दिला होता पण बाबांच्या परतीच्या आत जमलं नाही. उतरताना बाबांनी मागे वळून ड्रायव्हरला मोठ्याने चिअर्स ड्राइव्ह म्हटलं.

या डिसेंबरात मी चिंचवडला जातेय. २०२० नंतर दोनदा घरी जाऊन आले पण आळंदीच्या घाटावर गेले नाही, दोन्ही वेळेस काहीतरी कारण काढलं. या वेळी जायचं ठरलंय, काकाही साताऱ्याहून येणार आहेत. आणि चापेकर वाडा, बाबा म्हणाले की जन्म चिंचवडात गेला पण आत कधी गेलोच नाही, बाहेरूनच नमस्कार करतो. तोही बघू.